चाकणला मुलगी पाहून आलो

चिंचवड,
१६ जानेवारी १९५७

ती. इंदुताईस,

धाकट्या यशवंताचा नमस्कार. तिळगूळ वेगळा पोस्टाने पाठवला आहे. वाटेत त्याचा भुगा झाला तरी तू मात्र गोडच बोल, कारण या पत्रात पुढे त्याची गरज लागणार आहे.

इकडे सगळं ठीक. पिंपरीला औषधांचा कारखाना आल्यापासून परगावची माणसं वाढली. त्यांच्या बायकांना जात्यावर बसायला सवड नाही, त्यामुळे माझ्या पिठाच्या गिरणीला सवड नाही. बबनराव भागीदार म्हणून चांगला आहे. बडबड्या आहे, पण पिठात हात मारत नाही. अक्षर या वेळी कवायतीला उभं केल्यासारखं सरळ दिसेल. म्हातारपणी सुधारला म्हण.

आता मुद्द्याचं. परवा चाकणला जाऊन तुझ्या ज्योतीरामसाठी मुलगी पाहून आलो. बबनरावाने मला दौलतरावांच्या दारापर्यंत पोचवलं आणि तो मेहुण्याकडे गेला. दौलतराव जुने शेतकरी. ऊस आहे, कांदा आहे, बोलणं मोकळं. मुलीचं नाव रंभा. सातवीपर्यंत शिकली आहे. तू लिहिलं होतंस की रंग, नाक, डोळे, उंची सगळं नीट बघून कळव. तर उंची बेताची, बोलली तेव्हा आवाज माझ्या हनुवटीच्या जरा खालून आला. पाऊल ठाम आहे, टाच आधी टेकते. असं माणूस कामाला वाघ असतं. आवाजात लाडीकपणा नाही. मी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" तर म्हणाली, "येतो, पन भाकरी माझ्या पद्धतीनं करते. बगनाऱ्याला गंमत वाटंल." घरातली माणसं एकदम गप्प झाली. मला ते उत्तर आवडलं, गप्प बसणं तेवढं कळलं नाही.

रंगाचं पुढे लिहितो.

एक गोष्ट मनात राहिली. चहा आला तो ताटातून नाही. ती एकेक कप घेऊन आत-बाहेर करत होती. आणि बांगड्या वाजत होत्या त्या एकाच बाजूला, उजवीकडे. मी मनात म्हटलं, डाव्या हातात घड्याळ असेल, नव्या पद्धतीची मुलगी दिसते!

चहा झाल्यावर मी दौलतरावांना म्हणालो, "माझ्याकडून पसंती. ताईला आणि ज्योतीरामला लिहितो. शेवटचा शब्द त्यांचा."

दौलतरावांनी माझा हात घट्ट धरला. मग म्हणाले, "यशवंतराव, लई मोठं मन हाय तुमचं. आजवर जे आले, ते बगून घुटकाभर च्या पिऊन उठले."

मी आपला "छे, छे" म्हणालो. कशाला छे, छे, ते मलाच ठाऊक नाही!

निघताना परसात हात धुवायला गेलो. रंभा तांब्याने पाणी घालत होती. हळूच म्हणाली, "मामा, एक इचारू? रागावू नका. तुमाला दिसत न्हाई, व्हय ना?"

ताई, पाणी हातावर पडत राहिलं आणि मला हात चोळायचं सुचेना.

"कशावरून?"

"पयला कप पुढं धरला तर तुमी हातच केला न्हाई. मग मी बशी वाजवली, तवा बरोबर धरली. दुसऱ्या वक्ताला मुद्दाम वाजवली." मग म्हणाली, "बापू समजत्यात तुमी बगून गप ऱ्हायला. माझा डावा हात मनगटापास्नं न्हाई. उसाच्या चरकात गेला. आता पसंती मागं घेतली तरी चालंल. बापूंला मी कायतरी सांगीन."

झालं. तिने माझं ओळखलं आणि स्वतःचंही सांगून टाकलं, आता मलाही तुला सांगायला हवं.

ताई, मला दिसत नाही. काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग मधलंही गेलं, आता उजेड आणि अंधार तेवढा उरला आहे. पुण्याच्या डॉक्टरने सांगितलं, गेलं ते येणार नाही. गेल्या दिवाळीला आलो नाही तो गिरणीच्या कामामुळे नव्हे. तुझी पत्रं बबनराव वाचून दाखवतो. हे लिहितोय ते त्याने पुठ्ठ्यात खाचा कापून दिल्या आहेत त्यांतून, म्हणून ओळी सरळ. कळवलं नाही, कारण तू पुढच्या गाडीने आली असतीस, मला रहिमतपूरला नेऊन ओसरीवर बसवलं असतंस आणि वेळेवर दूधभात दिला असतास. तुझी माया मला ठाऊक आहे. तिचीच भीती वाटली.

पण रडगाणं गायला बसलो नाही. मला या प्रकरणाची भलतीच गोडी लागली आहे. ऐक. मागे असं व्हायला लागलं की भिंतीजवळ आलो की कपाळावर सावली पडल्यासारखं वाटायचं. पाऊल आपोआप थांबायचं. मला वाटलं, कपाळाच्या कातडीला काही नवीन कळायला लागलं. खात्री करावी म्हणून तोंडावर जाड मफलर गुंडाळला, कान मोकळे ठेवले आणि अंगणातून चालत गेलो. भिंत कळली. मग मफलर काढला, कानांत कापूस कोंबला आणि पुन्हा निघालो. असा आपटलो की बबनराव पिठाच्या हाताने धावत आला. "काय राव, भिंतीच्या पाया पडताय?" मी टेंगूळ चोळत हसत होतो. म्हणजे ऐकतात कान, आणि वाटतं कपाळाला! माझ्याच चपलांचा आवाज परत येतो. पोत्यांच्या थप्पीवरून मऊ येतो, पत्र्यावरून टणक. गिरणी चालू केली की सगळ्या भिंती नाहीशा होतात.

हे मी परसात उभ्या-उभ्या रंभेला सांगितलं. दुसरं काय बोलावं ते सुचेना म्हणून. ती हसेल असं वाटलं होतं. ती तांब्या खाली ठेवून म्हणाली, "मामा, मग मला येडी म्हननार न्हाई ना? माझा गेलेला हात हाय. मूठ वळलेली हाय. कंदी कंदी नखं रुततात. आन गालावर माशी बसली ना, तर गालाला कळतं आन त्या अंगठ्यालाबी कळतं. आई म्हनती बाहेरचं हाय, अंगारा लाव."

"खाजलं तर काय करतेस?"

"गाल खाजवते. अंगठा गप बसतो."

ताई, येताना बसमध्ये मी याचाच विचार करत होतो. आमच्या चाळीत एखादा भाडेकरू गेला की त्याची खोली रिकामी राहत नाही. शेजारचा आधी खाट ठेवतो, मग कोळशाचं पोतं, मग पोरं तिथेच निजायला लागतात. डोक्यातही अशाच खोल्या असाव्यात. डोळ्यांनी जागा सोडली, तिथे माझे कान पसरले. हाताने सोडली, तिथे तिचा गाल गेला. पण जुन्या भाडेकरूचं नाव दारावर तसंच आहे, म्हणून गालाची माशी अंगठ्याच्या नावावर येते. डॉक्टर लोक याला काय म्हणतील ते म्हणोत, मला आपलं एवढंच जुळवता आलं.

तर मुलीचा रंग मला माहीत नाही. हात नाही हे माहीत आहे. आणि आंधळ्या मामाचं बिंग फुटत होतं, तेव्हा तिने वडिलांसमोर चकार शब्द न काढता बशी वाजवली, हे माहीत आहे. माझी पसंती मी मागे घेतली नाही. पण ती डोळसाची समजून तू धरू नयेस, म्हणून हे सगळं. हे पत्र ज्योतीरामला पूर्ण वाचून दाखव, गाळू नकोस. संसार त्याला करायचा आहे. त्याचं "नाही" असेल तर हाताचंच कारण लिही, पत्रिका जुळत नाही असलं काही नको. ती मुलगी असल्या कारणांना फसत नाही, आणि मीही.

तू मात्र ये. मला न्यायला येणार, हे धरूनच चाललो आहे. एकच अट. चिंचवड स्टेशनात उतरलीस की हाक मारू नकोस, खोकू नकोस, जागेवर उभी राहा. मी फलाटावर एकटा असेन. गर्दीतून तुझ्यापाशी येऊन पाया पडलो, तर दुसऱ्या दिवशी तू माझ्याबरोबर चाकणला यायचं आणि रंभेच्या हातची भाकरी तिच्या पद्धतीने भाजलेली खायची.

आणि नाही आलो, तर मी तुझ्या ओसरीवर बसायला तयार आहे.

तुझ्या जोडव्यांचा आवाज अजून विसरलेला नाही, असा
तुझा
यशवंता