लवंगेनं थांबणारी कळ

तीर्थरूप आबांना मंगलचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

हितं सावंतवाडीच्या बागेत मी बरी हाय. लवंगेच्या कळ्या फुलायच्या आत खुडाव्या लागतात, पण मी शिडीवर चढत न्हाई. आईचा खोकला कसा हाय? तिला भाजलेली लवंग मधातनं द्या.

परवा फोनवर तुमी म्हणलात, "शेरडांमागं चढ चढलो की डावा जबडा ठणकतो, तोंडात लवंग धरली की ठणका थांबतो." म्या हसून आणखी लवंगा पाठवते म्हणलं. फोन ठेवल्यावर आठवलं, त्या बाजूच्या दाढा तर तुमी कवाच काढल्यात.

माझ्यासंगं काम करणाऱ्या सगुणाबाईंच्या मालकांचंबी असंच दुखायचं. तेबी लवंगच धरायचे. दुखणं काळजाचं निघालं. सांगताना बाई रडायला लागल्या, पुढचं इचारायचा मला धीर झाला न्हाई.

आबा, लवंगेनं न्हाई, लवंग धरायला तुमी खाली बसता, म्हणून कळ थांबते.

तुमचा फोन लागत न्हाई. आपल्या शेजारचा गेनूदादा हितं आला हुता, तो आजच गावी निघालाय, त्याच्या हाती चिठ्ठी देते. खाली विंझरच्या दवाखान्यापर्यंत चालत उतरू नका, त्याच्या गाडीवर बसून थेट डॉक्टरकडं जा. शेरडं आई बघंल. आता दुखत न्हाई म्हणून वाटेतनं माघारी फिरू नका. मला लई भ्या वाटतंय.

तुमची लेक,
मंगल