देवयानी आणि पायरीवरचा दिवा

२ नोव्हेंबर, रात्री ११
आजपासून शिस्त. महिनाअखेरच्या खगोल क्लबच्या स्पर्धेला देवयानी दीर्घिकेचा फोटो पाठवायचाच. ती पंचवीस लाख प्रकाशवर्षं दूर. आपल्याकडे सेकंडहँड कॅमेरा, लंगडा ट्रायपॉड, मागचं अंगण. अंगण वाकडं नाही, म्हणजे नाचता येणारच. परीक्षक क्लबमधलेच एक डेंटिस्ट. गेल्या वर्षी माझा फोटो बघून म्हणाले, धुकं छान आलंय. धुकं नव्हतं.

५ नोव्हेंबर
मागच्या पायरीवरचा दिवा काढून टाकला. प्रकाश हा आपला शत्रू. बायको म्हणाली, आईला मोतीबिंदू आहे, ती संध्याकाळी वाळलेले कपडे काढायला मागे जाते, दिवा परत लावा. म्हटलं, फोटो झाला की लगेच. सासूबाईंना उजेडात तरी कुठे दिसतं? हे मनात म्हटलं. बहुतेक मोठ्याने.

९ नोव्हेंबर
ढग. कपाळावर बांधायचा लाल दिवा आणला. लाल उजेडात डोळ्यांची अंधाराची सवय मोडत नाही. बायकोने विचारलं, तुम्हाला दिवा चालतो आणि आईला नाही? वैज्ञानिक फरक वीस मिनिटं समजावला. ती झोपली होती.

१४ नोव्हेंबर
मेहुणा आला. ही देवयानी कोण, असं खालच्या आवाजात विचारलं. आकाशातली आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. बायको मात्र म्हणाली, "बाई असती तर बरं झालं असतं. कधी तरी तिलाच तुमचा कंटाळा आला असता."
विज्ञानाची बैठक नाही या घराण्यात.

१८ नोव्हेंबर
आकाश स्वच्छ! अंधार पडताच सुरुवात. दोन-दोन सेकंदांचे तीनशे फोटो काढायचे, मग प्रोग्राम ते एकावर एक रचतो. ८४व्या फोटोला मागे धप्प आवाज. सासूबाई पायरीवरून पडल्या. नशीब, ट्रायपॉड हलला नाही. बायको हाका मारत होती. आलोच म्हटलं. दहा मिनिटांचं तर काम. तेवढ्यात अँब्युलन्स तिचा तो गरगरणारा दिवा घेऊन हजर. सगळे फोटो वाया.

१९ नोव्हेंबर
खुब्याचं हाड मोडलंय. घरात कुणी नाही, अंधार आदर्श. पुन्हा तीनशे. मध्येच बायको टॉर्च घेऊन आली. दोरीवरचे आईचे कपडे काढून बॅगेत भरले. म्हणाली, आईला हॉस्पिटलमधून सोडलं की आम्ही दोघी भावाकडे, कायमच्या. मग १४३व्या फोटोला टॉर्च वर करून थेट लेन्सवर धरली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. म्हटलं, टॉर्च खाली घे. ती गेली.
काळजी नाही. जे दोन-चारच फोटोंत असतं, ते प्रोग्राम कचरा समजून पुसतो.

२० नोव्हेंबर, पहाटे
आली! बरोब्बर मधोमध, लांबट, धूसर, लालसर. डेंटिस्टना पाठवली. बायकोलाही पाठवली. तिने बघितली, उत्तर नाही. भारावली असणार.

२४ नोव्हेंबर
डेंटिस्टना लेन्सवर झाकण लावून काढलेले काळे फोटोही हवेत. म्हणे त्यावरून कॅमेऱ्याचा स्वतःचा दोष कळतो. काढले. आश्चर्य! त्यांतही देवयानी दिसते. झाकणातून आरपार! इतकी तेजस्वी आहे, हे पुस्तकात कुणीच लिहिलेलं नाही. तातडीने कळवलं.

२५ नोव्हेंबर
डेंटिस्टचा फोन. फोटो काढताना कपाळावर काय असतं, असं विचारलं. लाल दिवा, म्हटलं. खूप वेळ हसले. मग म्हणाले, "तो उजेड डोळा लावायच्या मागच्या खिडकीतून कॅमेऱ्यात शिरतोय. घरातले सगळे दिवे घालवून तुम्ही स्वतःच्या कपाळाचा फोटो काढलात."
त्यांचे दात तरी स्वतःचे आहेत का, याची चौकशी करायला हवी.

२६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७
प्रोग्रामने पुसलेला १४३वा फोटो उघडून बघितला. पांढराफटक. एवढ्या फोटोंत समोरून आत आलेला उजेड हाच एक.
स्टूल घेऊन मागच्या पायरीवर दिवा परत लावला. खाली सासूबाईंची एक चप्पल पडलेली. आठ दिवस मी तिच्यावरूनच ये-जा करत होतो.
बायकोला फोन करून सांगितलं, दिवा लावला.
ती म्हणाली, "कुणासाठी?"
मी विचार करत होतो, तोवर तिने फोन ठेवला. दिवा चालू आहे.