व्याह्यांचं राज्य घेतल्याबद्दल

जुळे सोलापूर,
शुक्रवार

सौ. विहीणबाईंना वैजयंतीचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? केळीला पाणी पुरतंय ना? आमच्याकडे राजनंदिनीला सातवा लागला, तिला सारखं चिंचेचं काहीतरी हवं असतं आणि माझ्याशी ती तुटक बोलते. कारण तुम्हाला ठाऊक आहे. फोन केला असता, पण तुमच्याकडचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि समोर आमचे व्याही बाळासोभाऊ बसलेले असतात. शिवाय आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर अ‍ॅग्नेस (निळ्या शाईचा वास आला की अजून आठवतात) सांगायच्या की माफी हातानं लिहावी आणि तिच्यात 'पण' हा शब्द येऊ देऊ नये. (वर एक आला आहे. तो धरू नका.)

तर दिवाळीत जावईबापूंनी भाऊंच्या आणि माझ्या फोनमध्ये तो राज्यांचा खेळ घालून दिला. एक चाल त्यांनी करायची, मग एक मी. राज्य निवडताना भाऊंनी सगळ्यात मोठं घेतलं, पलीकडच्या डोंगरापर्यंत पसरलेलं. मी मुलीची आई. लग्नात जशी मागच्या रांगेत बसले होते, तशीच इथेही मागची जागा घेतली. दोन गावं, थोडी मेंढरं आणि मासे, एवढंच एक बेट. भाऊंनी आपल्या राजधानीला तुमच्या सासूबाईंचं नाव दिलं, गोजाबाईनगर. मला फार बरं वाटलं होतं. खरं सांगते, हे गेल्यापासून दुपारचा चहा मी एकटीच घेते. त्या वेळी कुणीतरी माझ्या चालीची वाट बघतंय, हेच मला पुष्कळ होतं.

आता अपराध. त्या खेळात शेजारच्या राज्याला भेटी पाठवता येतात. मी सवयीनं पाठवत गेले. आज दहा मेंढ्या, उद्या मासळी, संक्रांतीला चांदी. दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती की एवढंसं बेट एवढं कशाला देतंय. भाऊंना आली नाही. मुलीकडच्यांकडून आलेला मान कुणी परत करतं का? त्यांनी सगळं हक्कानं ठेवून घेतलं. खेळात मात्र भेटी घेणाऱ्याच्या मनात देणाऱ्याबद्दल स्नेह वाढतो, आणि तो पुरेसा वाढला की देणाऱ्याच्या होड्यांना त्याची बंदरं उघडी होतात. हे मला माहीत नव्हतं. (पहिले दोन महिने माहीत नव्हतं.)

मग तुमचा फोन आला. तुम्ही आपलं सहज म्हणालात, "काय सांगू इहीणबाई, सगळं सैन्य घिऊन वर डोंगराकडं गेल्यात, जेवायला बी उठंनात. घरी नुसता एक राखणदार ठेवलाय." मी म्हणाले, "असं का? मग भाकरी गार होत असेल." फोन ठेवला, चष्मा लावला आणि मेंढ्या उतरवायच्या चार होड्यांमध्ये सैनिक भरले. विहीणबाई, एकही बटण चुकलं नाही. त्या चालीत गोजाबाईनगर गेलं. दिवेलागणीच्या आत, पुढच्या सहा चालींत, बाकीचं सगळं.

त्या संध्याकाळी भाऊंचा एकच फोन आला. "वैजूताई, आईचं गाव घेतलं की वो तुमी! मेंढरं म्हणून दार उघडलं मी." आज अकरा दिवस झाले, त्यांचा आवाज नाही. रविवारी राजनंदिनीचं डोहाळजेवण, आणि ती म्हणते की मामंजी येणार नाहीत. सासरे नाहीत म्हटल्यावर चार बायका काय ते विचारणार, आणि पोरीनं सांगायचं काय? आईनं राज्य बुडवलं?

मी दोन्ही हात जोडून त्यांची क्षमा मागते. घरचं म्हणून सांगितलेलं मी शत्रूसारखं ऐकलं, त्याची लाज जास्त वाटते. तुम्ही दोघंही या. भाऊंना पुरणपोळीबरोबर कटाची आमटी आवडते, ती मीच करणार आहे.

आपली अपराधी,
वैजयंती

ता. क. हे पत्र जावईबापूंबरोबर पाठवते आहे, शेंगाचटणीच्या डब्याखाली. राखणदाराचं तुमच्याकडून कळलं, हे भाऊंना मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

ता. क. २. जिंकलेल्या गावाचं नाव बदलता येतं. मी बदललेलं नाही. उलट तिथे विहीर बांधली.

ता. क. ३. एक राहिलंच. भाऊंची एक होडी अजून समुद्रात आहे. ती बुडाल्याशिवाय माझा विजय पुरा होत नाही, आणि त्यांनी त्यांची चाल संपवल्याशिवाय माझी येत नाही. अकरा दिवस मी नुसती बघत बसले आहे. रविवारपर्यंत त्यांचा राग गेला तर उत्तमच. नाहीतर ते आंघोळीला गेले की तुम्हीच दाबा. चाल संपवायचं हिरवं बटण आहे, खाली उजव्या कोपऱ्यात.