ढगांखालचा नाला

आबा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी तुमच्यावर सूड उगवतेच आहे. तो कसा, हे तुम्हाला कळावं एवढ्यासाठीच हे लिहितेय.

पुंडलिकनगरच्या घरातला तो रविवार. तुमचे पलटणीतले दोस्त जेवायला आलेत आणि मी स्वयंपाकघरात आईच्या शेजारी भाकऱ्या थापतेय. पुण्याला संरक्षणशास्त्र शिकायला माझा नंबर लागलाय हे तुम्हीच त्यांना सांगता. क्षणभर मला वाटतं, आता कौतुक कराल. "हिला उपग्रहावरून लढाया लढायच्यात," तुम्ही म्हणता. "लढाई पायानं होती, पोरी. आभाळातून नाय." सगळे हसतात. मी कुठंही जाणार नाही, हेही तुम्ही त्याच पंगतीत जाहीर केलंत. आईनं पुढच्या भाकरीचं पीठ घेतलं, वर बघितलं नाही. शेवटी खुलताबादच्या मामानं मला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. तुम्ही मरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. आजारी पडलात तेव्हाही मला कळवू दिलं नाहीत. मी पोचले तेव्हा राख सावडून झाली होती.

आता मी तेच शिकवते, आबा. समोर तरुण अधिकारी बसलेले असतात. शत्रूची हालचाल आधी वरून दिसते, तोफेला नेम आणि तुकडीला वाट वरून मिळते, म्हणून उद्याचं युद्ध सुरू होताना पहिला घाव उपग्रहांवर पडेल. ज्याचं आभाळ आंधळं झालं त्याचे पाय काही कामाचे नाहीत, असं मी सांगते. आणि मग तुमची गोष्ट सांगते. फक्त आपल्या पायांवर भरवसा ठेवणारा एक सुभेदार गस्तीची तुकडी घेऊन नाल्यात उतरला, पलीकडच्या उतारावर शत्रू दबा धरून बसलेला त्याला दिसला नाही, आणि दोन पोरं तिथंच राहिली. ही गोष्ट तुम्ही फक्त आईला सांगितली होती, रडत, आणि मी दाराआडून ऐकली होती. तुमचं नाव मी घेत नाही. पण दर वेळी अधिकारी माना हलवतात, आणि मला बरं वाटतं. लई बरं वाटतं.

यंदा व्याख्यान आपल्याच शहरातल्या एका कॉलेजात होतं. माजी सैनिकांनाही बोलावलेलं. तिथंही मी तुमची गोष्ट सांगितली. कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे काका माझ्यापाशी आले. त्या रविवारच्या पंगतीत होते ते, आणि त्या गस्तीतही होते. मला वाटलं, आता भांडतील. ते आधी खुर्चीवर टेकले, मग सावकाश म्हणाले, "तुझ्या आबानं वरून काढलेला फोटू मागितला होता, पोरी. वायरलेसवर परत परत मागितला. ढग हायेत, फोटू मिळायचा नाय, असं उत्तर आलं. आणि निघायचा हुकूम तर आलेलाच होता."

ढगांतून, अंधारातून बघणारे रडारचे उपग्रह आज आपल्याकडे आहेत, तेव्हा नव्हते, हे मीच तासाभरापूर्वी व्यासपीठावरून सांगितलं होतं. घरी येताना रिक्षात मला तुमची कीव यायला हवी होती. आला तो संताप. आभाळानं तुम्हाला दगा दिला, तर त्याचा राग तुम्ही माझ्यावर काढलात. "ज्या दिवशी मला गरज होती त्या दिवशी वरून कुणाला काही दिसलं नाही, तू जा आणि ते शीक," एवढं तुम्ही म्हणाला असतात तर मी जन्मभर तुमच्या पाया पडले असते. तुम्ही हसलात, आणि लोकांनाही हसवलंत.

हे कुठं पाठवायचं नाहीच. पण एक सांगून टाकते. त्यानंतर तरुण अधिकाऱ्यांच्या आणखी एका तुकडीपुढं माझं व्याख्यान झालं. तुमची गोष्ट मी जशीच्या तशी सांगितली, त्याच शब्दांत. तुम्ही फोटो मागितला होता, हे सांगितलं नाही. अजून माझ्यानं सांगवत नाही.