अर्धी गोळी

रविवार, संध्याकाळ. जुन्नर.

औषधशास्त्रज्ञांच्या संघटनेत दोन वर्षं मी शिबिरांना खुर्च्याच मांडल्या. आज आहुपे गावातल्या शिबिरात बोलणारे सर आलेच नाहीत, आणि अध्यक्षबाईंनी माइक माझ्याच हातात दिला.

पुढे बसलेल्या आजींनी पदराची गाठ सोडून रक्तदाबाची अर्धी गोळी दाखवली. "पुरवून खाते, बाई. आणाया लई लांब जावं लागतं."

ती गोळी दिवसभर हळूहळू विरघळायला हवी. मोडली की औषध एकदम अंगात उतरतं. कंपनीत मी रोज अशाच गोळ्या बनवते, पण मोडलेली कधी पाहिली होती? साध्या शब्दांत समजावलं.

"आदी कुणी सांगितलंच न्हाई," आजी म्हणाल्या.

कुणी म्हणजे गोळ्या बनवणारी मीच ना? ती अर्धी गोळी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बरं झालं, गावची आरोग्यसेविका तिथेच होती. आजींना डॉक्टरांकडे न्यायचं आणि पुढे गोळ्या घरी पोचवायच्या, असं तिनं कबूल केलं.

परतताना अध्यक्षबाईंनी विचारलं, "गावांतल्या शिबिरांचं काम सांभाळशील?" गेल्या वर्षी त्यांनी हेच विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, मला बोलता येत नाही. आज म्हणाले, "पुढचं गाव कोणतं?"