साखळीशिवाय अकरा वळणं

सोमवार, १३ जानेवारी

पोचलो बुवा एकदाचा! र्युसेल्सहाइमहून साडेपाच तास, त्यात म्युनिकच्या आधी ट्रॅफिकमध्ये अडकलो ते वेगळंच. पण शेवटचा अकरा वळणांचा घाट बघून शीण गेला. दोन्हीकडे बर्फ, आणि कंपनीची ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी मांजरासारखी चढली. आता महिनाभर हेच काम: खाली मैदानात बर्फावर गाडीच्या चाचण्या, मुक्काम वर फ्राउ आइगनर यांच्या घरी. शनिवारी शमिका आमची लाल गाडी घेऊन अन्वीला आणणार आहे. सहा वर्षांच्या लेकीला ढीगभर बर्फ बघायचाय. रोज जर्मनमध्ये विचारते, अजून किती वेळा झोपायचं राहिलं?

घाटाच्या पायथ्याशी एक निळी गोल पाटी आहे, साखळी गुंडाळलेल्या टायरचं चित्र असलेली. तिथून पुढे चाकांना साखळ्या लावूनच जायचं. पाटीखाली एक माणूस हातात साखळ्या घेऊन मला थांबायची खूण करत होता. मी मस्त टाटा केला आणि निघालो. चार चाकांना ताकद कशी वाटायची, यावर दहा वर्षं पोट भरतोय मी. मला काय शिकवता!

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. फ्राउ आइगनरना तिळगूळ दिला, गोड बोला म्हटलं. बाई काही गोड बोलल्या नाहीत. माझी चाकं बघून म्हणाल्या, पाटी लागली की ऑल-व्हीललाही साखळ्या सक्तीच्या, सूट नाही. चढायला चार चाकं, उतरायला देव, असं त्यांचे वडील म्हणायचे म्हणे. मी हो, हो करत मान डोलावली.

आमच्याकडे साखळ्या आहेत, घरी केलरमध्ये, म्हणजे तळघरात. शमिकाने हौसेने घेतलेल्या. मीच त्या डिकीतून काढल्या, बॅगांना जागा नको का?

चार वाजता वर येताना तो माणूस पहिल्या वळणावर उभा होता. चिकाटी आहे गड्याला.

बुधवार, १५ जानेवारी

आज तो चौथ्या वळणावर. गाडी हळू करून नीट बघितलं. पातळ कोट, डोक्यावर टोपी नाही, साखळ्या गंजलेल्या. भोवती ताजा, भुसभुशीत बर्फ. त्यात पावलांचा एकही ठसा नव्हता.

वाऱ्याने बुजले असतील. दोन कप चहा घेतला तरी हात गारच आहेत.

गुरुवार, १६ जानेवारी

आठवं वळण. मी तिकडे बघितलंच नाही. म्हणजे बघितलं.

शमिकाचा फोन आला होता. साखळ्या केलरमधून आणू का, असं तिसऱ्यांदा विचारलं तिने. मी खेकसलो. नवरा हीच सिस्टिम बनवतो आणि तुला त्याच्यापेक्षा रस्त्यावरची पाटी शहाणी वाटते का, म्हटलं. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. का बोललो असा? मला नुसती भीती वाटत होती, आणि ती तिच्यावर काढली.

शुक्रवार, १७ जानेवारी

साखळ्या दारात. उंबऱ्यावर. ओल्या, गंजक्या. अंगणात ठसे नाहीत—

फ्राउ आइगनरनी छातीवर क्रूस काढला आणि मग सांगितलं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांच्याकडे एक पाहुणा होता. ऑल-व्हीलवाला. बायकोमुलाला म्हणाला, साखळ्या नकोत, तसेच या. गाडी घाटातून खाली गेली. दोघंही गेले. तेव्हापासून तो थांबवत असतो. साखळ्या लावलेल्यांना दिसत नाही, फक्त आमच्यासारख्यांना.

तो स्वतः कसा गेला, ते विचारायचं राहिलं.

शमिकाला फोन लागत नाही. वादळाने नेटवर्क गेलंय. मेसेजवर एकच टिक.

शनिवार, १८ जानेवारी. सकाळी

अजून एकच टिक. दहाला ती पायथ्याशी येईल. पाटीपाशीच गाठतो तिला. दारातल्या साखळ्या घेतल्यात, तिच्या चाकांना लावीन. माझ्या चाकांना आत्ता लावायच्या तर वीस मिनिटं— नऊ चाळीस झालेत. नको. हळू जाईन.

शनिवार. पाटीपाशी

पोचलो. सहाव्या वळणावर ब्रेक दाबला, गाडी सरळच गेली. कठडा— बाहेर कसा आलो आठवत नाही. पण साधं खरचटलंही नाही! देवाची कृपा. चालत आलो. साखळ्या हातात आहेत, वही खिशात होती.

तो माणूस आज नाही. कुठेच नाही.

साखळ्या लावलेल्या दोन गाड्या गेल्या. हात केला, ओरडलो. कुणी बघितलंसुद्धा नाही.

थंडी वाजत नाहीये. का वाजत नाही—

मी आलो त्या रस्त्याकडे बघितलं. बर्फ कोरा आहे. माझे ठसे—

नाही. नाही.

लाल गाडी. आमचीच. शमिका, थांब! रस्त्याच्या मधोमध उभा आहे मी— ती बघतेय माझ्याकडे— ओळखत कशी नाही— चुकलो गं मी, चुकलो, थांब—

बाजूने गेली. माझंच ऐकलं तिने.

मागच्या काचेतून अन्वीने टाटा केला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्यावर तिच्या ब्रेकचे दिवे—