रकान्यातलं नाव

किसुमू, केनिया

प्रफुल्लदादा,

तुले अन् आईले जयभीम. फोन कापता येते, म्हणून कागदावर लिहून राहिली.

मी बरी आहे. दवाखान्यातली लेकरं आता माह्या हातून औषध घेतात. आईचे गुडघे कसे आहेत?

इथं सेवेले एकट्या आलेल्या बायायले पहिल्याच दिवशी शिकवतात, कोणी मागं लागलं तर घरी फोन लावायचा अन् मोठ्यानं बोलत चालायचं. मंगळवारी बाजारापासून एक माणूस माह्या मागं लागला. मी तुले फोन लावला. "पाहुणे बसले आहेत," म्हणून तू कापला. पाहुणे माह्याच सोयरिकीसाठी आले होते, अन् त्यायले तू सांगितलं होतं की पोरगी नागपूरले कोर्स करून राहिली.

मग घरमालकिणीले लावला. म्हातारी अकिन्यी चुलीवरचा पळा हातात घेऊनच रस्त्यावर धावत आली. तो माणूस पळून गेला.

मले इथं पाठवणाऱ्या संस्थेच्या फॉर्मवर एक रकाना आहे, काही झालं तर कोणाले कळवायचं. तिथं तुह्यं नाव होतं. काल मी ते खोडलं अन् अकिन्यीचं लिहिलं.

आता घरी शहापूरले इथून कोणाचाच फोन येणार नाही. पाहुण्यायले खुशाल सांग, पोरगी नागपूरले आहे.

केनियात असलेली तुही बहीण,
रश्मी